नियोजित

साखरपुडा झालेल्या मुलाला मराठीत ‘नियोजित वर’ म्हणतात. पूर्वी नियोजन इतरांनी करायचं आणि वराने फक्त वेळेवर पाटावर उभं राहायचं, अशी वाटणी होती. आता सगळं नियोजन वर स्वतःच करतो. तेही रात्री साडेदहानंतर, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि माझी खिडकी पार्किंगवरच उघडते.

कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीत हा सापडेल. वय तिशीच्या आसपास, पायात स्लीपर, कानात कापसाच्या बोंडांसारखे पांढरे इअरबड. बोटातली अंगठी इतकी नवी, की बोट अजून तिच्याशी बिचकूनच वागतं. घरात बोलावं तर आई मध्येच ‘तिला सांग, लोणचं पाठवलंय’ म्हणते. गच्चीला कुलूप. म्हणून हा स्कूटरींमधून फेऱ्या मारतो.

नियोजित वधू नागपूरला. 2025 च्या ऑगस्टमध्ये पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत सुरू झाली, तेव्हा सरकारने आपलं लग्न मनावर घेतलं असं याला वाटलं. 881 किलोमीटर, बारा तास, आणि सगळे बसून. दोनदा जाऊन आल्यावर प्रेम तसंच राहिलं, पण पाठीने नकार कळवला. तेव्हापासून फोन.

लग्न खरं तर मे महिन्यातच उरकायचं होतं. पण 2026 साली 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. त्याआधीचा मुहूर्त धरावा तर नागपूरचं ऊन. ‘पंचेचाळीस डिग्रीत पुण्याचं वऱ्हाड वऱ्हाडात न्यायचं म्हणजे...’ असं हा म्हणाला, तर तिने तिथल्या तिथे सुनावलं, ‘नागपूर वऱ्हाडात नाही. वऱ्हाड म्हणजे अमरावती-अकोला.’ इकडे आत्याने आहेर कुरिअरने पाठवायची तयारी दाखवली. पुढे पाऊस, मग चातुर्मास. शेवटी ठरलं : आधी तुळशीचं लग्न, मग यांचं. हातात मोकळे महिने आले, आणि मोकळ्या महिन्यांत पुणेरी माणूस एक्सेल उघडतो.

फाईलचं नाव ‘संसार_फायनल_3’. भांड्यांचं पान वेगळं, सणवारांचं वेगळं. पलंगाची भिंतीकडची बाजू कोणाची, हे ठरलंय. सिलिंडर संपत आल्याचं आधी कोणाच्या लक्षात यायला हवं, हेही ठरलंय. भाड्याचं घर तेवढं अजून बघितलेलं नाही.

त्या न बघितलेल्या घराच्या खिडकीत तिने कूलर बसवला. हा म्हणाला, ‘पुण्यात कूलर लागत नाही.’ हे वाक्य पुणेकर एप्रिलमध्ये घामाचा बनियन पिळत म्हणतो. ‘मग काय करून राहिले लोकं तिकडे उन्हाळ्यात?’ तिने विचारलं. याला ते मनाला लागलं. घर नाही, खिडकी नाही, कूलर नाही. तरी अबोला तीन दिवस टिकला.

मग सांबार. ‘वांग्याच्या भाजीत वरून सांबार टाकते मी,’ ती सहज म्हणाली. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे याला कुठून माहीत असणार? इडलीबरोबरचं सांबार वांग्यावर ओतलेलं याला दिसलं. त्याने ते आईला सांगितलं. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी ‘सून येईपर्यंत शिकून घे’ म्हणून तिने लेकालाच भरली वांगी करायला बसवलं.

सणवारांचं पान सगळ्यात अवघड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला मारबतीची मिरवणूक. ती बघितल्याशिवाय हिचं वर्ष जात नाही. मध्ये दोन दिवस गेले की चतुर्थी, आणि गणपतीला सुनेने पुण्यात असायलाच हवं. याने गाड्यांचं वेळापत्रक जोडून तक्ता केला आणि पाठवला. मारबतीबरोबर गावातली इडापिडा बाहेर काढतात. तिने उत्तर दिलं, ‘तो तक्ता पण तिच्याच सोबत देऊन टाकू.’

या सगळ्यात तिचं मराठी सुधारण्याचं काम याने मोफत अंगावर घेतलंय. ‘येऊन राहिली’ नाही, ‘येतेय’. ‘करून राहिली’ नाही, ‘करतेय’. ती दर वेळी ‘हो का?’ एवढंच म्हणते. तो ‘हो का?’सुद्धा तिने याच्याकडूनच उचललेला.

परवा रात्री अकरा वाजून गेले होते. इअरबडची बॅटरी संपली असावी. फोन स्पीकरवर होता. कचऱ्याची पिशवी ठेवायला मी खाली उतरलो आणि विचारलं, ‘काय रे, अजून जागा?’

‘काही नाही काका,’ तो म्हणाला, ‘बोलून राहिलो.’

फोनमधून तातडीने, स्वच्छ सदाशिव पेठी आवाज आला : ‘अरे, “बोलतोय” म्हण. काका काय म्हणतील?’

मी काहीच म्हटलं नाही. मनातल्या मनात अक्षता टाकल्या आणि वर आलो.