नखाच्या गळ्याला नख

गव्हाण गावच्या जमिनी सिडकोनं घेतल्या त्याला जमाना झाला. मोबदल्यातल्या साडेबारा टक्के भूखंडांचा हिशेब बोटांवर मोजता मोजता बोटं म्हातारी झाली. नातींच्या बोटांवर आता जेल नेलपॉलिश चढलंय. हळद जवळ आली की करवल्यांची वरात आधी उलव्याच्या पार्लरात. बोटं दिव्याखाली धरायची, अतिनील प्रकाशात रंग घट्ट होतो आणि दोन-तीन आठवडे हलत नाही. चिंबोऱ्या साफ करायला मात्र आजीच लागते. तिची नखं हळदीनं पिवळी, पण स्वतःची.

खरी गंमत उतरवताना. आधी घासा, मग ॲसिटोनमध्ये १०-१५ मिनिटं भिजवा. एवढा धीर कुणाला? रंग ओरबाडला जातो, सोबत नखाचे पापुद्रेही. नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. अख्खं नवं यायला सहाएक महिने. तोवर कागदासारखी नखं झाकायची कशानं? अर्थात, जेलनं!

काही जेलमध्ये असणारं टीपीओ हे रसायन युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. तुमच्या बाटलीत आहे का, असं पार्लरात विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, घाबरू नका, माल इम्पोर्टेड आहे."