पावसाळी सहल, हिवाळी सहल आणि बसबंदी

पावसाळी सहलीला कुठं जायचं, हा प्रश्न पुण्यामुंबईकडं पडतो. बेळगावकराला फक्त राज्य निवडायचं असतं. वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की हिंडलगा लागतं (इथल्या तुरुंगात सीमालढ्याच्या कित्येक सत्याग्रहींनी सरकारी पाहुणचार घेतलाय), मग उचगाव फाटा, बाची, आणि शिनोळीला महाराष्ट्र सुरू. नकाशावर इथं एक ठसठशीत तुटक रेषा आहे. रस्त्यावर ती आम्हाला अजून सापडलेली नाही. भात दोन्हीकडं तेवढाच हिरवा, खड्डे दोन्हीकडं तेवढेच खोल.

माझा सहलीतला जोडीदार निपाणीचा. गाडी केए-२३, सासर गडहिंग्लज, मुलगी शिकायला कोल्हापुरात, आणि ऊस जो कारखाना आधी तोड देईल त्याचा. पेट्रोलच्या बाबतीत मात्र तो कमालीचा तत्त्वनिष्ठ आहे. ज्या राज्यात दर कमी, ते राज्य आपलं.

जुलैत आंबोली ठरलेली. रविवारी मुख्य धबधब्याजवळ केए-२२, एमएच-०९, एमएच-०७ आणि गोव्याच्या गाड्या एकमेकींच्या बंपरला बंपर लावून उभ्या असतात. खाली तिन्ही राज्यांचे नागरिक एकाच धारेखाली शर्ट काढून ओरडत असतात. शर्ट काढलेला माणूस कुठल्या राज्याचा, हे ओळखण्याची सोय राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात केलेली दिसत नाही.

गेल्या खेपेला टपरीवर कांदाभजी घेतली. कागद वर्तमानपत्राचा होता. तेल झिरपून मागचं पान पुढं दिसायला लागलेलं, पण ठळक मथळा शाबूत : सीमाप्रश्नी आता आरपारची लढाई. तारखेचा कोपरा नेमका फाटलेला. बातमी कुठल्या सालची, यावर आमची पैज लागली. निपाणीकर म्हणाला, ‘‘गेल्या वर्षातली असंल.’’ मी म्हटलं, दावा दाखल झाला त्या २००४ सालची. टपरीवाला म्हणाला, रद्दी परवाच आणलीय. भजी संपली तरी निकाल लागला नाही. सर्वोच्च न्यायालयात तरी कुठं लागलाय? दाव्याच्या साली जन्मलेलं पोर आता मतदान करतं आणि आमच्या आधी आंबोलीला पोचून रील टाकतं.

आंबोलीतल्या गुहेतून हिरण्यकेशी निघते. आजरा, गडहिंग्लज करत ती संकेश्वरला येते, म्हणजे राज्य ओलांडते, आणि पुढं घटप्रभेला मिळून गोकाकच्या कड्यावरून १७० फूट खाली पडते. त्यामुळं जुलैत आंबोलीला भिजायचं आणि ऑगस्टमध्ये त्याच पाण्याची गोकाकच्या झुलत्या पुलावरून विचारपूस करायची, असा आमचा रिवाज. पाण्याला वाटेत कोणी रहिवासी दाखला मागितल्याचं ऐकिवात नाही. कणकुंबीकडं मात्र मागतात. तिथल्या कळसा कालव्याची पाहणी करायला गोव्याचे पुढारीसुद्धा येऊन गेलेत. चोर्ल्याचा घाट, दाट धुकं, पायाखाली चिखल आणि हातात निवेदन, यापेक्षा झकास वर्षासहल कुठली?

दसऱ्यानंतर पाय निपाणीकडं वळतात. कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथांची यात्रा भरते. ढोल, भंडारा आणि रात्री भाकणूक. पाऊस किती, धान्याचे भाव काय, राजकारणात कोण कुणाचे पाय ओढणार, सगळं एका बैठकीत सांगून मोकळं होतात. ऐकायला दोन्ही राज्यांतून माणूस लोटतं. सभात्याग नाही, तहकुबी नाही, ध्वनिमत नाही. लोक शेवटपर्यंत बसून ऐकतात, हे अधिवेशन बघण्याची सवय झालेल्या माणसाला जरा चमत्कारिकच वाटतं.

कारण आमच्याकडची सर्वांत मोठी मोसमी सहल डिसेंबरात येते आणि तिचा खर्च सहलीला न गेलेले लोक करतात. बेंगळूरहून पाचशे किलोमीटरवर अख्खं सरकार फायलींसकट हवापालटाला येतं. त्यासाठी हमरस्त्याला टेकाडावर सुवर्ण विधानसौध बांधला. उद्घाटन २०१२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते झालं. आठ-दहा दिवस कामकाज, मधे शनिवार-रविवार आलाच तर उत्तर कर्नाटकाच्या मागासलेपणाचा अभ्यास गोव्याच्या किनाऱ्यावरून अधिक शांतपणे करता येतो.

उरलेलं वर्ष एवढ्या इमारतीचं करायचं काय, याचं उत्तर आजवर फक्त एका व्यक्तीला सापडलं. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथं कामाला असलेल्या एका बाईनं सौधासमोर शेवया आणि पापड वाळत घातले. फोटो फिरला आणि केवढा गहजब! वास्तूचा अवमान झाला म्हणे. मला तर जागेची निवड बिनचूक वाटली. उंचावरची मोकळी जागा, भरपूर ऊन, आणि आमदार कोणी नसल्यामुळं धूळ उडत नाही.

आता पलीकडची मंडळी काय घरी बसतात? त्यांची सहल कोगनोळी नाक्यापर्यंत. कोल्हापूरहून गाड्यांचा ताफा निघतो. बॅरिकेडला हात लावायचा, घोषणा द्यायच्या, पोलिसांनी अडवायचं, कॅमेऱ्यांनी टिपायचं, आणि दुपारच्या पांढऱ्या रश्श्याला परत. अडवलं नाही तर मोठी पंचाईत, बेळगावात जाऊन बोलायचं काय याची तयारी कोणी केलेली नसते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा ठरला, तारीख पुढं गेली, मग बेतच बारगळला. मित्रांच्या गटात ‘या वर्षी गोवा नक्की’ असं म्हणतात ना, तसलाच प्रकार. दौरा बारगळला तो बारगळला, दगड मात्र महाराष्ट्राच्या नंबराच्या गाड्यांनी हिरेबागेवाडीजवळ खाल्ले.

आणि मग बसबंदीचा मोसम. हा बिगरमोसमीही येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका कंडक्टरवरच्या हल्ल्यानंतर आलाच. अशा वेळी लाल बस आपापल्या सरहद्दीवर थांबतात. डोक्यावर पिशवी, काखेत पोर घेऊन माणसं हमरस्त्यानं चालत दुसऱ्या राज्यात जातात. दवाखाना, बाजार, परीक्षा काही थांबत नाही. निपाणीकरानं याचंही वेळापत्रक करून ठेवलंय. नोव्हेंबर उजाडला की त्याचा फोन ठरलेला : ‘‘बसा बंद व्हायच्या आत येऊन जा की गड्या. नाहीतर मग अधिवेशन उठल्यावरच!’’

या काळात चालतं ते फक्त वडाप. जीपवाला तिकिटाचे सुट्टे मराठीत मागतो, कन्नडमध्ये परत देतो आणि शिव्या दोन्ही भाषांत समान न्यायानं वाटतो. आम्हा दोघांची दोन्ही सरकारांना नम्र विनंती आहे. यंदाच्या हिवाळ्यात दोन्हीकडच्या निवडक मंत्र्यांनी निपाणीहून कागलपर्यंत वडापनं यावं. खर्च आम्ही उचलतो. पुढच्या सीटवरून दोन राज्यांत वाद होणार, हे गृहीत धरलंय. नवा आयोग नेमायची गरज नाही. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ पासून पडून आहे, त्याचं काय झालं ते दिसतंयच. जीपवाल्याला आम्ही आधीच विचारून ठेवलंय. तो म्हणाला, ‘‘म्होरं ड्रायव्हरसकट चौघं बसत्यात. राहिलेल्यांनी मागं लोंबकळायचं. आन् जीप भरल्याबिगर मी हलत न्हाई, मंत्री असू देत न्हाईतर त्यांचा बा.’’