साक्षीकाका

पिंपरीपासून सोलापूरपर्यंत कुठल्याही जुन्या पेंटेकॉस्टल मंडळीत जा, पहिल्या रांगेत, बरोबर पंख्याखाली, एक साक्षीकाका बसलेले असतातच. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर चेनवाल्या कव्हरातलं बायबल. अंगठी नाही, साखळी नाही. सोनेरी म्हणाल तर चष्म्याची काडी तेवढी. आमचे साक्षीकाका तरुण संघाचे अध्यक्ष आहेत. वय वर्षं 67.

त्यांची साक्ष ठरलेली. “मी तंबाखू खात होतो. एका रात्री प्रभूने माझा हात धरला, मी पुडी नाल्यात फेकली आणि पुन्हा शिवलो नाही. हालेलुया!” काकांनी ‘पुडी’ म्हणायचा अवकाश, मागच्या बाकावरची पोरं ‘नाल्यात’ म्हणून मोकळी होतात.

प्रार्थना म्हणजे डोळे मिटून वाचलेला सूचनाफलक. “हे प्रभू, तू जाणतोस, जनरेटरच्या डिझेलची वर्गणी अजून तीन घरांतून आलेली नाही. जे बंधू दुसऱ्या गीतानंतर आत आले, त्यांनाही आशीर्वाद दे.” परमेश्वर सर्वज्ञ खरा, पण काका त्याला गाफील राहू देत नाहीत.

सध्या काकांना एकच घोर लागलाय : मंडळीतले तरुण गेले कुठे? या विषयावर वडील मंडळाच्या बैठकांवर बैठका झाल्या. एकाही बैठकीला तरुण नव्हता, कारण बैठकीला फक्त वडील मंडळ बसतं. त्याच वेळी बाहेर एक पोरगा माईकची वायर जोडत होता, दुसरा उपासना मोबाईलवरून लाइव्ह कशी जाईल ते बघत होता आणि एक पोरगी पडद्यावर गीतांच्या ओळी चढवत होती. काकांच्या लेखी ही ‘मुलं’. ‘तरुण’ म्हणजे हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या इंग्रजी चर्चला निघून गेलेले.

ड्रमसेटचा विषय निघाला तेव्हा काका गरजले, “पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांकडे ड्रम होता काय?”

“नव्हता काका. ढोलकी होती का?”

काका गप्प झाले. कारण ढोलकी त्यांनीच आणली होती. तेव्हाचे वडील म्हणाले होते, हे तमाशाचं वाद्य, देवाच्या घरात पेटीच शोभते. काका त्या वेळी तीन रविवार रुसून घरी बसले होते. आज त्याच ढोलकीला ते ‘आपली परंपरा’ म्हणतात.

मुक्ती मिशनच्या संजीवनाची गोष्ट मात्र सांगावी काकांनीच. 1905 साल, केडगाव, पंडिता रमाबाईंचा आश्रम. रात्रीची वेळ. एका मुलीवर पवित्र आत्मा उतरला. सोबतिणीला तिच्या अंगावर चक्क आग दिसली, आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार, तेवढ्यात कळलं की पोरगी जळत नाहीये. “अमेरिकेतलं अझुसा स्ट्रीटचं संजीवन 1906 चं बरं का! आपलं केडगाव त्याच्या आधी!” काकांची मान ताठ होते.

यंदा गोष्ट संपल्यावर पडद्यावाल्या पोरीने हात वर केला. “काका, आग लागली ती मुलींना ना? दुष्काळातून वाचवून आणलेल्या?”

“हो तर!”

“मग आपल्याकडे बादली कोणाच्या हातात आहे?”

वडील मंडळाने एकसाथ घसा खाकरला. पाळकसाहेबांनी तातडीने अर्पणाचं गीत घेतलं.

उपासनेनंतर काका पायरीवर चपला शोधत होते. मागच्या बाकावरचा एक पोरगा जवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, खरंच एका रात्रीत सुटली? माझी सिगारेट सुटत नाही. प्रार्थना करून झाली.”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. पाळकसाहेब लांब होते.

“एका रात्रीत कसली? पुडी फेकली हे खरं. पहाटे बॅटरी घेऊन नाल्यात शोधायला गेलो होतो. पुढे तीन वर्षं लागली. दोनदा तर तोबरा भरून उपासनेला बसलो, आमेन म्हणायची पंचाईत. तुझ्या काकूने त्या तीन वर्षांत एकदाही साक्ष दिली नाही. नुसती रात्री उठून शेजारी बसायची.”

पोरं एकेक करून पायरीवर टेकली. ड्रमवालाही आला. कोणी नोकरीचं विचारलं, कोणी दुसऱ्या जातीतल्या मैत्रिणीचं, कोणी ‘देव ऐकतच नसेल तर?’ असं विचारलं. काकांना निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती आणि तसं त्यांनी सांगूनही टाकलं. काकूंचे जेवायला येण्यासाठी दोन फोन येऊन गेले, तरी एकही पोरगं उठलं नाही.

काका हरखून गेले. पुढच्या रविवारी मंचावर चढून, चष्मा पुसून त्यांनी जाहीर केलं, “यापुढे दर रविवारी उपासनेनंतर पायरीवर तरुणांशी मोकळ्या गप्पा होतील. प्रश्न कोणताही चालेल. मात्र तो बुधवारपर्यंत दोन प्रतींत, पालकांच्या सहीनिशी माझ्याकडे द्यावा.”