विमानांचे कुलवृत्तांतकार

आडनाव कानावर पडताच मूळ गाव, कुलदैवत आणि शाखा सांगणारे आमच्या पार्ल्यात पुष्कळ. काकांना मात्र माणसांत रस नाही. समोरच्या बिऱ्हाडाला ते वर्षभर 'कोण आपण?' असं विचारत होते. पण वरून दोन पिस्टन इंजिनांचं एखादं छोटं विमान घरघरलं की पानावरून उठून थेट गॅलरीत! दुर्बिणीने आधी पंखाखालची अक्षरं टिपायची. ती निदान 50 सेंटिमीटर उंच असावीत असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे आणि तो आपल्याच सोयीसाठी झाला, अशी काकांची खात्री आहे.

जेट विमानांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. 'त्यांचं सगळं कंपनीच सांगते, आपण शोधायचं काय?'

'आपल्या विमानांवरचं व्हीटी म्हणजे व्हाइसरॉयज टेरिटरी ना?' असं कुणी विचारलं की काका उसळतात. 'अहो, 1927 साली वॉशिंग्टनला रेडिओ परिषद झाली. तिथे व्हीटी ते व्हीडब्ल्यू ही अक्षरं हिंदुस्थानच्या वाट्याला आली. त्याआधी आपण जी-आय लावत होतो. व्हाइसरॉय कुठून आला मध्येच?'

पण ही अक्षरं म्हणजे नुसतं सासरचं नाव. तेच विमान अमेरिकेत एन, इंग्लंडात जी आणि इकडे विकलं की व्हीटी. खरी ओळख सिरियल नंबरात. तो कारखान्यात एकदाच पडतो, मालक कितीही बदलोत. काकांना '34-75' एवढे चार आकडे पुरतात. '34 म्हणजे पायपर सेनेका, 75 हे जन्मसाल, माहेर फ्लोरिडातलं व्हेरो बीच.' सेनेकावर त्यांचा विशेष जीव. तिचे दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे कुठलंही इंजिन बंद पडलं तरी पंचाईत सारखीच. 'दोन्ही सुनांना सारखा मान,' असं ते घरात जरा मोठ्याने म्हणतात.

डायमंड डीए-42 हे ऑस्ट्रियाचं घराणं. ते पेट्रोलऐवजी जेटचं इंधन पितं, म्हणून काकांनी आधी त्याला वाळीतच टाकलं होतं. पुढे त्याच्या नव्या इंजिनाचं मूळ मर्सिडीज मोटारीच्या डिझेल इंजिनात सापडलं आणि काका एकदम नरमले. 'आजोळ चांगलं आहे.'

परवा पुतणीला पाहायला वैमानिक मुलगा आला. काकांनी घरदार, शेती, भावंडं काही विचारलं नाही. दुइंजिनी विमानाचं शिक्षण कशावर झालं, एवढंच विचारलं.

'डीए-42 वर, काका. गोंदियाला.'

'वा! सिरियल नंबर?'

मुलगा गोंधळला. आईकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. मग म्हणाला, 'पांढरं होतं.'

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे निरोप गेला, पत्रिका जमत नाही.