सरकत्या छपराखाली

परसात काय असावं याबद्दल आमच्या हिंगोली जिल्ह्यात फारसे मतभेद नाहीत. एक कडुलिंब, एक शेवगा, धुणं वाळत घालायची तार, सरपणाचा ढीग, जळालेल्या मोटारपंपाचा सांगाडा आणि ‘कधीतरी लागतील’ म्हणून ठेवलेले चार पत्रे. यातली कुठलीही गोष्ट तिथे का आहे, हे कोणी कोणाला विचारत नाही. पण त्याच परसात दहा बाय दहाची खोली बांधायची, तिला एकही खिडकी ठेवायची नाही आणि छप्पर मात्र सरकतं करायचं, असं कोणी ठरवलं की अख्ख्या गल्लीचा विचारण्याचा हक्क जागा होतो.

वेल्डरला कल्पना सांगितली तेव्हा त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सर, पाऊस आला की हे उघडायचं?”

“नाही, पाऊस आला की झाकायचं.”

“आन् नसला की?”

“उघडायचं.”

“मग छप्पर टाकायलाव कामून?”

या तर्कात खोट काढायला जागा नव्हती. पण माणूस कामाचा. सरकती गेटं करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. सी-चॅनेलची पट्टी, बेअरिंगची चाकं, दोन्ही टोकांना स्टॉपर. गेट उभं असतं ते आडवं करायचं, एवढाच फरक. आणि छप्पर सरकण्याचं कौतुक त्याने आम्हालाच करू दिलं नाही. “आवंढ्याचं देऊळ नामदेव महाराजांसाठी अख्खं फिरलं, सर. हे तर नुसतं पत्र्याचं हाय.” नामदेवांचं नर्सी आणि नागनाथाचं औंढा एकाच जिल्ह्यात असल्यावर असं ऐकून घ्यावंच लागतं. तेव्हा बेअरिंगचा खर्च आला नव्हता, एवढंच मी मनात म्हटलं.

ही खोली म्हणजे दुर्बिणीची वेधशाळा. तसा खगोलशास्त्रात घरामागच्या अंगणाला जुना मान आहे. विल्यम हर्शेल हा पोटासाठी वाजंत्री शिकवणारा माणूस. इंग्लंडातल्या बाथ गावी घराच्या मागच्या बागेत, स्वतः घासून केलेल्या आरशाची दुर्बीण लावून तो बसायचा. १३ मार्च १७८१ च्या रात्री तिथूनच त्याला युरेनस दिसला. आरसा घासताना हात थांबवता येत नाहीत म्हणून त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. एकदा हे काम सलग सोळा तास चाललं होतं. ग्रहाचा शोध हर्शेलच्या नावावर लागला, घासांचा हिशेब कोणी ठेवला नाही. पुढे कॅरोलिनने स्वतः धूमकेतू शोधले आणि तो हिशेब चुकता केला.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी जवळचं. हिंगोली निजामाच्या राज्यात होती त्या काळात, १९०१ साली, हैदराबादच्या नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणली आणि फिसलबंडा भागातल्या आपल्या हवेलीच्या आवारात खासगी वेधशाळा थाटली. निजामाच्या परवानगीने तिला ‘निजामिया’ हे नाव मिळालं. १९०७ मध्ये नवाब वारले आणि पुढच्याच वर्षी सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. जगभरच्या वेधशाळांनी तेव्हा आकाशाची मोजणी आपसात वाटून घेतली होती. निजामियाने आपल्या वाट्याच्या पट्ट्याची छायाचित्रं काढून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. म्हणजे इतक्या ताऱ्यांना सातबारा मिळाला. आपल्या दोन एकरांची मोजणी एकदा मागून बघा, म्हणजे हे काम केवढं होतं ते कळेल.

नवाबाला परवानगी निजामाची लागली, मला स्वयंपाकघराची. “अहो, एवढ्या पैशांत न्हाणीवर स्लॅब पडला असता,” हा पहिला अभिप्राय. तडजोड अशी निघाली की उन्हाळ्यात दिवसा ती खोली वाळवणासाठी मोकळी राहील. छप्पर मागे सारलं की भरपूर ऊन येतं, शेळी येत नाही. मधे खांब आणि भोवती कुरडया, अशी वेधशाळा निजामियातही झाली नसेल.

त्या खांबाची गोष्ट वेगळी आहे. पाहणाऱ्याला वाटतं की वेधशाळेत महत्त्वाचं छप्पर. खरा जीव असतो तो खांबात. दुर्बीण त्याच्यावर बसते आणि तो खोलीच्या फरशीला कुठेही चिकटलेला चालत नाही. दोनशे पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहताना जवळच कोणी पाय आपटला, तर तो धक्काही दोनशे पट होऊन गुरू थरथरू लागतो. त्यातून आमची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभं केलेलं सगळं दरवर्षी थोडं थोडं कलतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं, सळयांचा पिंजरा सोडायचा, गिट्टी-सिमेंट भरायचं आणि भोवती बोटभर फट सोडून मग फरशी करायची. मिस्त्रीने ती फट दोनदा प्रेमाने बुजवायला घेतली. एवढा खोल पाया आणि वर काहीच नाही, हे पाहून त्याने शेवटी विचारलं, “झेंडा लावायलाव का?”

दिशेवरून मात्र आमचं चांगलं जमलं. दुर्बिणीचा आस नेमका उत्तरेला हवा आणि हिंगोलीच्या अक्षांशाइतका, म्हणजे साधारण पावणेवीस अंश, वर उचललेला हवा. ध्रुवतारा इथे तेवढ्याच उंचीवर असतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की संपलं. पण मिस्त्री कामावर येतो दिवसा आणि ध्रुव येतो रात्री. तेव्हा शुल्बसूत्रांतली जुनी रीत काढली. सपाट जमिनीवर काठी उभी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. ओळंबा आणि गुण्या वापरणाऱ्या माणसाला हे एका दिवसात पटतं. मोबाइलमधल्या होकायंत्रावर त्याचा तोवर विश्वास बसला नव्हता; सावलीवर लगेच बसला.

खोली उभी राहिली की पाहुणे येतात आणि प्रत्येक जण आपापलं आभाळ घेऊन येतो. पोरांना चंद्रावरचा झेंडा बघायचा असतो. तो पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही म्हटल्यावर ती दुर्बिणीलाच नापास करतात. लग्नाळू मुलाचे वडील मंगळ बघतात आणि “एवढासाच?” असं काहीशा सुटकेने विचारतात. शनीच्या बाबतीत तर दोन तट. साडेसाती चालू असलेले आधी लांब उभे राहतात, मग एक डोळा मिटून हळूच बघतात आणि मग रांगेत पुन्हा उभे राहतात. शनीची कडीही दर पंधरा वर्षांच्या आसपास आपल्याला अगदी कडेने दिसतात आणि रेघेसारखी होऊन जातात. मार्च २०२५ मध्ये तसं झालं. त्या सुमारास कड्यांचा शनी बघायच्या आशेने आलेल्यांना तो कितीही समजावला तरी ‘सामान कमी दिलं’ असाच चेहरा करून माणसं घरी गेली.

वेधशाळेचा मोसमही शेतीच्याच पंचांगाने चालतो. मृग लागला की छपराला कुलूप. गंमत म्हणजे ज्या नक्षत्रांवर आम्ही पेरणी करतो, ती त्या वेळी दिसतच नाहीत. मृगात सूर्य असतो म्हणून तर तो पावसाचा मृग. वाहन कोल्हा की बेडूक हे पंचांगात बघायचं आणि मृगाचे तारे बघायला हिवाळ्याची वाट धरायची. पाऊस उघडला की सोयाबीनच्या मळणीची धूळ. पुढे हळद काढणीला आली की कुकरवर ती शिजवण्याचा धूर. या दोहोंच्या मधे थंडीच्या ज्या रात्री सापडतात त्या मात्र अशा, की दक्षिणेला अगस्त्य ठसठशीत दिसतो. मे महिन्यात तर संध्याकाळनंतर त्रिशंकूही क्षितिजालगत उभा राहतो. हर्शेलला बाथच्या बागेतून यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं.

आता याच जिल्ह्याच्या परसात सगळ्यांची थोरली वेधशाळा येते आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहणार आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. ती बातमी ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झाली आणि सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या यंत्राला तत्त्वतः मंजुरी दिली. बांधकामाची, सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी आली ती एप्रिल २०२३ मध्ये. तत्त्वाला सहा दिवस आणि तपशिलाला सात वर्षं. आमच्या वेल्डरनेही साधारण हेच प्रमाण पाळलं होतं.

या वेधशाळेला छप्पर सरकवायचं नाही, कारण तिला बघायचंच नाही. चार-चार किलोमीटरचे दोन निर्वात बोगदे काटकोनात, त्यांत लेझरचा प्रकाश. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की ते चार किलोमीटरचं अंतर प्रोटॉनच्या रुंदीच्याही शेकडो पट लहान अशा फरकाने कमीजास्त होतं. तो फरक मोजायचा. तिला ढगांची अडचण नाही, दिवसाची नाही, आषाढाची तर मुळीच नाही. माझं छप्पर कुलपात असताना तिचं काम चालूच राहील याचा थोडा मत्सर वाटतो. तिला हवी असते ती जमिनीची शांतता. अमेरिकेत हॅनफर्डच्या यंत्रात मधेच विचित्र आवाज येऊ लागले, तेव्हा शोध घेतल्यावर कळलं की डोमकावळे पाइपावरचा बर्फ टोचून खात होते.  दुधाळ्याच्या कावळ्यांबद्दलही हमी देता येणार नाही.

एक वेधशाळा शांततेवर चालते, दुसरी अंधारावर. दोन्हींसाठी लागणारा कच्चा माल आमच्याकडे आपोआप होता, कारण आमच्याकडे फारसं काही झालंच नव्हतं. मागासलेपणाचा एवढा एकच फायदा. रात्रीच्या थ्री फेजला पाणी धरायला जाणारा शेतकरी अजूनही बाजलं आणि त्यामागचे तीन चोर बघून रात्र किती उरली ते सांगतो. सप्तर्षींची ही ओळख त्याला कुठल्याही दुर्बिणीने करून दिलेली नाही. आता चौकाचौकात हायमास्ट आलेत, देवळांवर हॅलोजन आलेत, आणि त्यांचा निम्मा उजेड रस्त्याला न लागता थेट वर जातो. बिल मात्र पूर्ण येतं.

उजेड नको असं कोण म्हणेल? विंचू-काट्याच्या मुलखात दिवा हवाच. फक्त त्याचं तोंड जमिनीकडे हवं. हे आपल्याच राज्यात झालेलं आहे. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागात रस्त्यावरचे दिवे खाली उजेड पाडणारे बसवले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. त्याला वाघ लागला नाही, दिव्यांवर टोप्या लागल्या. तेव्हा वेधशाळा बांधायची असेल तर माझ्याकडे या, वेल्डरचा नंबर देतो. बांधायची नसेल तरी एक करा: आज घरी गेल्यावर अंगणातल्या दिव्यावर पत्र्याची एक टोपी बसवा आणि ग्रामसभेत हायमास्टचा विषय काढा. टोपीला लागणारा पत्रा तुमच्या परसात आहेच.