काढून टाका, काही होत नाही

आमच्या बोटीच्या इंजिनात अकरा वर्षं थर्मोस्टॅट नव्हता, हे मला गेल्या जूनमध्ये कळलं. १ जूनला मासेमारी बंद झाली, बोट हर्णैहून आंजर्ल्याच्या खाडीत आणून शाकारली. ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांत इंजिनाची कामं उरकायची म्हणून हेडच्या पुढच्या टोकाचं झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट बसायची गोल खाच होती आणि खाचेत गंजाचा चिखल होता. बाकी काही नव्हतं.

बोटीवरच्या तांडेल काकांना विचारलं. ते म्हणाले, "तो होय? तो काढला ना मिस्त्रींनी. आपल्याकडे एवढी गरमी, तो हवाय कशाला?" इंजिनाच्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "काढलाय तेच बरं आहे, दादा. काही होत नाही."

माझी तक्रार या ‘काही होत नाही’बद्दल आहे.

होतं. आमचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मुळात ट्रकचं, नंतर बोटीसाठी फिरवून घेतलेलं. त्याच्या पोटात गोडं पाणी फिरतं आणि ते कूलरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होतं. कोकणातला उन्हाळा माणसाला कितीही जाळो, समुद्राचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं आणि इंजिनाला हवे असतात ८२ अंश. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने हे पाणी गारच. इंजिन तापेपर्यंत पोटातलं पाणी कूलरकडे जाऊ न देणं हे थर्मोस्टॅटचं काम. तो नसला की इंजिन तापायच्या आधीच ते पाणी कूलरमध्ये गार व्हायला सुरुवात. आमचा काटा अकरा वर्षं एरवी ५० ते ५५च्या मध्ये बसून होता आणि सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. "बघा, इंजिन कसं थंड चालतंय." थंड चालणारं डिझेल इंजिन आजारी असतं. सकाळी पांढरा धूर येतो, डोळ्यांना झोंबतो. डिझेल पुरतं जळत नाही, लायनरवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखी पांढुरकी साय धरते, कारण आतली वाफ उडून जाण्याइतकं इंजिन तापतच नाही. तीच वाफ डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्ल होते आणि लायनर खाते. दोन वर्षांपूर्वी लायनर आणि रिंगा बदलल्या तेव्हा सगळ्यांनी डिझेलला दोष दिला होता. मीही दिला होता.

मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला त्या दिवसाबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही. बोट बाहेर होती, जाळं पाण्यात होतं आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेतच अडकला. काटा लाल पट्टीत गेला. भर समुद्रात इंजिन बंद करून बसता येत नाही. त्यांनी झाकण उघडून थर्मोस्टॅट काढला आणि बोट बंदरात आणली. ते शहाणपणाचंच काम होतं. पण बंदरात आल्यावर नवा बसवला नाही. समुद्रात केलेली तात्पुरती सोय अकरा वर्षं राहिली, आणि मग तिची रीत झाली. आज खाडीत उभ्या असलेल्या बोटींवर विचारा, दर दुसऱ्या ठिकाणी हेच ऐकाल.

याहून वाईट म्हणजे, काढल्याने इंजिन थंड राहतं हेसुद्धा अर्धंच खरं आहे. आमच्या थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची उघडली की पाणी कूलरकडे जातं. त्याच वेळी खालची तबकडी पुढे सरकून बायपासचं, म्हणजे कूलर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. अख्खा थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग थोडं पाणी कूलरला न जाताच पुन्हा इंजिनात फिरतं. हळू चालताना ते कळत नाही. भरलेलं जाळं ओढताना, पूर्ण लोडवर, तेच पाणी कमी पडतं आणि काटा चढतो. म्हणजे थंड हवं तिथे तापतं आणि तापायला हवं तिथे थंड राहतं. हे मी तांडेल काकांना इंजिनावर खडूने चित्र काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पण इतकी वर्षं चाललं ना."

मग नव्या थर्मोस्टॅटसाठी दुकान. इंजिनाच्या पाटीवरचा नंबर वाचायचा होता, तर पाटीवर राखाडी रंगाचे तीन हात. कोणत्या तरी वर्षी कुणी तरी इंजिन सुंदर दिसावं म्हणून सगळंच रंगवलं होतं, पाटीसकट. ती खरवडली तर अक्षरंही गेली. दुकानदाराने खाचेचं माप विचारलं नाही, बायपासचं विचारलं नाही. "बोटीचा ना? हाच बसतो" म्हणून एक डबी पुढे सरकवली. तो खाचेत अगदी चपखल बसला. पण त्याला खालची तबकडीच नव्हती. नुसतं बसणं म्हणजे योग्य असणं नव्हे, हे मी काउंटरवर उभा राहून सांगितलं. दुसरा मिळाला तो दोन तबकड्यांचा, पण ७१ अंशांचा. तिसऱ्या फेरीत ८२ चा मिळाला. पाचेकशे रुपयांच्या वस्तूसाठी दापोलीच्या तीन खेपा झाल्या.

आणल्यावर तो मी घरी तपासला. थर्मोस्टॅटच्या पितळी बोंडात मेण भरलेलं असतं. ठरावीक उष्णतेला ते वितळून फुगतं, पिन ढकलतं आणि झडप उघडते. ना वायर, ना वीज. एक दोरा बंद झडपेत अडकवायचा, त्याच दोऱ्याने थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही आणि शेजारी थर्मामीटर धरायचा. झडप जराशी उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट तळाला जातो. ८१वर खळ्ळ आवाज झाला. मेणाने इतकं बिनचूक काम करावं, याचा मला फार आनंद झाला. असा भाग लोक काढून खोलीच्या कोपऱ्यात टाकतात याचं तेवढंच वाईट वाटलं.

आता बोल्ट. झाकण अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी आणि भोवती खारी हवा, म्हणजे दोन्ही धातू एकमेकांना धरून बसणारच. तिनांतले दोन निघाले होते, तिसरा उघडताना झाकणाच्या खालीच तुटला. कारण गेल्या वेळी बोल्ट लावताना कुणीही आट्यांना ग्रीस लावलं नव्हतं. एका बोटभर ग्रीसने वाचलं असतं ते काम आता बरोबर मध्ये भोक पाडून, उलट्या आट्यांची सळी घालून, तापवून, दीड दिवस चाललं. शेवटी आटे गेलेच आणि एक माप मोठा टॅप मारावा लागला. खाचेतला गंज ब्लेडने खरवडून कड चकचकीत केली. कड समपातळीत बसली नाही तर बोल्ट आवळताना झाकणाचा कान तडकतो, आणि आमच्या झाकणाच्या एका कानाला तशी जुनी चीर आहेच.

बसवायला मिस्त्री आले आणि त्यांनी थर्मोस्टॅट उलटा धरला. मेणाचं बोंड इंजिनाकडे, गरम पाण्यात राहायला हवं. उलटा बसवला तर त्याला इंजिनाची उष्णताच कळणार नाही, झडप वेळेवर उघडणार नाही आणि अकरा वर्षांपूर्वीचाच प्रसंग पुन्हा होईल. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि फिरवला. छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे पाणी भरताना हवा तिथून निघते. मग नवं पॅकिंग, तिन्ही बोल्टना ग्रीस, आणि आवळताना एकेकाला थोडं थोडं.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला आणि दोन दिवसांनी बोट बाहेर काढली. मी इंजिनाशेजारी कूलरच्या नळीवर हात ठेवून बसलो. काटा ५५च्या पुढे गेला, ७०वर गेला. नळी गारच. ८२च्या आसपास नळी एकदम हाताला गरम लागली, काटा चार अंश खाली आला, पुन्हा चढला आणि स्थिरावला. धूर विरळ झाला. तांडेल काका वरून वाकून मीटरकडे बघत होते.

"काटा लय वर गेलाय," ते म्हणाले. "काढू का?"

पाना त्यांच्या हातात होता. मी तो घेतला आणि हर्णैला परत येईपर्यंत मांडीखाली ठेवला.