पाय ओढणाऱ्या ताई

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचा राधानगर किनारा सुंदर आहे. सूर्यास्तही पाहिला. आता मुद्द्याचं.

2018 पासून या बेटाचं सरकारी नाव स्वराज द्वीप. आमच्या बोटीवर मात्र राज्य एकट्या डायव्हिंग इन्स्ट्रक्टर ताईंचं. मूळच्या मालवणच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला 'काका' म्हणत, आणि त्यात माझं वय, पोट आणि पोहणं, तिन्हींवरचा अभिप्राय येऊन जाई.

"काका, आज फुगा सोडायला शिकायचं."

पन्नाशीनंतर हे ऐकून ऊर भरून आला. जॅकेटचा पट्टा लागेना तो त्यामुळेच.

फुगा म्हणजे सरफेस मार्कर बॉय. माणसाच्या उंचीची नारिंगी नळी, तिला दोरी, दोरीचं रीळ हातात. पाण्याखालूनच हवा भरून वर सोडायची, म्हणजे बोटवाल्याला कळतं की खाली माणसं आहेत, पंखा इकडे आणायचा नाही. प्रवाहाने लांब नेलं तरी शोधता येतं. लाटांत नुसतं डोकं दिसत नाही. माझं टक्कल उन्हात चमकेल, ही सूचना ताईंनी विचारात घेतली नाही.

"रीळ अंगाला अडकवायचं नाही. गुंतलं तर सोडून द्यायचं. फुगा दुसरा मिळतो."

दहा मीटरवर मी हवा भरली. फुगा सुटला, रीळ गरगरलं आणि भाड्याच्या जॅकेटवर लोंबणाऱ्या टॉर्चच्या हुकाने दोरी धरली. रीळ मी नियमानुसार सोडलं, पण फुगा मला सोडेना. पुढे तो, मागे मी. वर जाताना फुफ्फुसातली हवा प्रसरण पावते, श्वास रोखला तर फुफ्फुस फाटू शकतं. मी वाटभर बोंबलत होतो. हवा बाहेर जात राहिली, म्हणजे शास्त्रानुसार हेच योग्य, असं मागाहून समजलं.

तेवढ्यात कुणीतरी फिन पकडला. पाय ओढणारी माणसं मी ऑफिसात तीस वर्षं पाहिली, त्यांच्यापैकी कुणाचीही इतकी वाट पाहिली नव्हती. ताईंनी दोरी कापली, जॅकेटातली हवा काढली, मला पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवलं. पाटीवर लिहिलं, 'काका, श्वास.' अक्षर वेडंवाकडं आलं होतं. त्या तीन मिनिटांत त्यांनी माझा हात सोडला नाही.

मग त्यांनी स्वतःचा फुगा सोडला, अर्धाच भरून. मी फुगा सोडला त्या दहा मीटरवर तर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे अर्धा भरलेला फुगा वर पोचेपर्यंत पूर्ण फुगतो. हे मला त्या दिवशी फार पटलं.

दरम्यान बोटवाल्याने माझा रिकामा फुगा मोठ्या अदबीने बोटीत घेतला होता.

संध्याकाळी चहा घेताना ताई म्हणाल्या, 1998 साली ग्रेट बॅरियर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला समुद्रातच ठेवून बोट परतली. दोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. ती दोघं सापडलीच नाहीत. चहा तसाच निवला.

तेव्हा तुम्ही कुठेही डायव्हिंगला गेलात, तर उडी मारण्याआधी विचारा: फुगा कुणाकडे आहे, आणि परतताना डोकी कोण मोजणार? टॉर्च खिशात ठेवा.